सेकंडचा माल

भद्रावती पेठेत माझं फॉर्म भरायचं दुकान.
मेच्या शेवटी पोरं येतात, हातात यादी,
कुठल्या कॉलेजचा देशात कितवा नंबर.
स्रवंती येमूल तर वहीच घेऊन आली.
समासात लाल पेनानं आकडे,
एकोणीस, चौतीस, एक्याऐंशी,
आणि आपलं सोलापूरचं शेवटच्या पानावर,
आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ.

सोबत वडील. टॉवेलच्या कारखान्यात
सव्वीस वर्षं माल तपासतात.
फर्स्ट, सेकंड, फेंट.
लाईट गेली तरी तुटका धागा
बोटांना सापडतो.
म्हणाले, "हा नंबर कोण देतं?"
"माहिती मागवतात, मामा. त्यावरून गुण."
"हात लावून बघतात का?"

काय सांगू.
माझ्या कॉलेजात एकदा समिती आली होती.
आदल्या रात्री आम्ही चाळीस कुंड्या उतरवल्या,
तीन दिवसांच्या भाड्यानं.
चौथ्या दिवशी कुंड्या गेल्या, श्रेणी राहिली
फाटकावर, पितळी अक्षरांत.
पण वरच्या नंबरांचंही असंच असेल
असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.
तिकडं गेलेली पोरं दिवाळीत येतात
तेव्हा त्यांचं चालणंसुद्धा बदललेलं असतं.

"नान्ना, कंपनीवाले यादी बघूनच येतात."
मामा जरा वेळ गप्प.
"व्यापारी पण शिक्का बघूनच उचलतो.
सेकंडचा टॉवेल अंग तेवढंच पुसतो,
पण भाव..."
वाक्य तिथंच घडी घालून ठेवलं.

पहिला पर्याय चौतीस. दुसरा एक्याऐंशी.
तिसऱ्याला तिनं दोनशेच्या पुढचं नाव टाकलं.
हे कशाला गं?
"तिथल्या मॅडमनी फोन उचलला. दोनदा."
मामांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं,
"हे पण राहू दे. तळाला."

सबमिट दाबलं. ओटीपी मामांच्या मोबाईलवर,
मोबाईल कारखान्यात, डब्याच्या पिशवीत,
मागांच्या खडखडाटात एकटाच वाजत असणार.
दहा मिनिटं मुदत.
मामांनी सायकल काढली त्रेचाळीसच्या उन्हात.

पडद्यावर सेकंद उतरत राहिले.
स्रवंती त्या आडव्या रेघेवर
पेन फिरवत बसली,
कागद पलीकडून उमटेपर्यंत.