दहा मीटरचा ठिपका

पुराला अकरा आठवडे झाले.
बेइराच्या ऑफिसात वीज असेपर्यंत पंखा फिरतो
आणि मी सावे नदीचं मुख पडद्यावर उघडते.
जिवंत पान इथे लाल दिसतं.
नव्या मुलांना आधी हेच पटवावं लागतं,
की लाल म्हणजे बरं आहे,
की डोळ्यांना न दिसणारा उजेड
पान परत फेकतंय तोवर धडधाकट.

पुराच्या आठवड्यात ढग हटलेच नाहीत.
तेव्हा रडार होतं.
रडारची लाट पाण्यावर आपटते, तिथून खोडावर,
खोडावरून थेट माघारी;
म्हणून पाण्यात उभं जंगल
लग्नघरासारखं लखलखतं.
ती लखलख मी हेक्टरात मोजत होते
आणि तिच्यातच कुठेतरी
तिवराच्या बेचक्यात तीन दिवस बसून होता
झेफानियास न्याम्पोसे, खेकडे धरणारा,
मुलीला कापुलान्याने खोडाशी बांधून.
हे मला नंतर कळलं.

दहा मीटर बाय दहा मीटर, एक ठिपका.
त्यात झेफानियासचं घर, चूल, होडी,
पपईची दोन झाडं, तरी जागा उरते.
सगळ्याचा मिळून एक आकडा येतो.

या महिन्यात आकडे चढले.
सेन्योर अदेरितोंनी अहवालात लिहिलं: सुधारणा.
मलाही तसंच वाटलं.
दक्षिण काठाने लाली परतत होती,
तापातून उठलेल्याच्या गालावर यावी तशी.
मग मी होडीत बसले.

ओहोटी. मांडीभर गाळ उघडा,
त्यात श्वासमुळं गाडलेली,
हजारो बोटं, आणि एकाचंही टोक वर नाही.
झाडं उभी होती. साल सुटलेली, पांढरी.
त्यांच्या पायाशी, माझ्या डोक्याएवढे,
हिरवेगार नेचे.
झाड मेलं, ऊन खाली उतरलं, नेच्यांनी जागा धरली.
वरून बघणाऱ्याला पान ते पानच.

"हे आम्हाला सुधारणा म्हणून दिसतं," मी म्हटलं.
झेफानियासने वल्हं नेच्यांत खुपसलं.
"याच्याखाली खेकडा राहत नाही."
मग एका खोडावर सुरीने ओरखडा काढला. आत तपकिरी.
दुसऱ्यावर. तपकिरी.
असं खरवडत गेलो आम्ही,
तो न्दाऊ भाषेत मोजत, मी जागा टिपत.
एकतिसावं खोड आत ओलं, हिरवं निघालं.
त्याने अंगठा तिथे दाबून धरला, बराच वेळ.
ते झाड कुठलं, हे त्याने सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

आता टिपलेली एकेक जागा यंत्राला शिकवते आहे:
हा नेचा, हा नेचा, हे झाड, हा नेचा.
सुधारणा हा शब्द खोडला आहे.
सेन्योर अदेरितो विचारतात, पैसे देणाऱ्यांना काय सांगू?

परतताना काठावर त्याची मुलगी होती, लुर्देस, आठ वर्षांची.
उपग्रह कधी येतो, तिने विचारलं.
गुरुवारी, दहाच्या सुमाराला.
मी हात हलवला तर दिसेन?
नाही.
कापुलाना पसरला तर?
एक नाही पुरणार. पन्नासेक लागतील,
कडेला कड लावून.

ती बोटांवर मोजू लागली:
आईचे तीन, मावशीचे दोन, शेजारच्या अमेलियाचे…
मग थांबून म्हणाली,
वाहून गेलेले धरायचे का?