तिकडे

पुणे स्टेशनाबाहेर टांगेवाला ओरडला,
"कॅम्प, कॅम्प, दोन सवारी कॅम्प!"
आणि इर्माआत्या तिथल्या तिथे खाली बसली,
ट्रंकेला पाठ लावून,
दोन्ही हात दिसतील असे मांडीवर ठेवून.
सत्तेचाळीसचा मार्च. मी चार वर्षांची.
मला वाटलं, तिला ऊन लागलं.

पापांनी टांगा नको म्हटलं. रास्ता पेठेपर्यंत चालत आलो.
आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून रस्त्यावर टाकला.
आत्या मागे वळली,
तो उचलला, फुंकला,
पदर नव्हता म्हणून मुठीत धरला.
सकाळी उशीखाली सापडला, मुंग्या लागलेला.
आईनं त्यानंतर कुणावरून काही ओवाळलं नाही.

नऊ वर्षं ती पेठेबाहेर गेली नाही.
कॅम्पात लाल देऊळ होतं, पावाची भट्टी होती,
आईची शेगुलामावशी होती.
आम्ही जायचो, पण घरात त्याला
"तिकडे" म्हणायचो.
तिकडून पाव आण. तिकडे आज लग्न आहे.

पापाही आत होते की.
पुरंदरावर, दोन वर्षं, शत्रू देशाचा माणूस म्हणून.
तिथे बुद्धिबळ होतं, वैशाखात करवंदं,
पहारेकरी सासवडचे बाजारभाव सांगे.
हे त्यांनी बहिणीला सांगितलं नाही.
कुणी विचारलंच तर म्हणत,
गडावर होतो, हवापालटाला.

ब्रनोत असताना पापा शनिवारी सिगारेट ओढत
आणि आत्या शुक्रवारच्या मेणबत्त्या लावी.
इथे उलटं झालं.
किप्पूरला पापा पहाटेपासून देवळात, ओठ सुकलेले,
आणि भर बाराला आत्या खिडकीशी उभी राहून
पावाचा एक तुकडा खाई.
सावकाश. रस्त्यावरून दिसेल असा.
आई काही बोलत नसे.
फक्त लोणी जवळ सरकवी.

माझं नाव तिनं कधी घेतलं नाही.
पोरी म्हणे, अगं म्हणे.
तिच्या मुलीचं नाव मिर्याम.
लढाईआधीच्या शेवटच्या पत्रात फोटो आला होता, दात पडलेला.
त्रेचाळीसमध्ये मी झाले, आणि पापांनी
लाडानं तेच नाव ठेवलं.
त्यांच्याकडे जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत.
न्यायला येणारा गोंधळतो म्हणे.
पापांना हे आठवलं
आत्या गाडीतून एकटी उतरली तेव्हा.
उपास त्या वर्षापासूनचे.

आत्याचा देवावर विश्वास उरला नव्हता.
या गोष्टीवर होता.

रात्री ती गोधडीवरून आमचे पाय मोजी.
मी आणि एझ्रा, चार पाय.
ती सहापर्यंत मोजी, आपल्या भाषेत.
मी जागी असायचे.
पाय हलवला की पुन्हा एकपासून.
कधी कधी मी मुद्दाम हलवायचे,
ती जाऊ नये म्हणून.

आता मी ऐंशी ओलांडली.
किप्पूर बारापर्यंत धरते,
मग खिडकीशी जाते.
सून विचारते, हा कसला अर्धा उपास?
डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणते.

पाव मात्र मीच आणते, आदल्या दिवशी.
रिक्षात बसते, काठी आत घेते,
म्हणते, तिकडे चल.
"तिकडे म्हणजे कुठे, आजी?"
मीटर पडलेला असतो.
तो आरशातून बघत राहतो.