कडेचा खडा

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
माझा प्रोग्राम मेला.
मरताना म्हणाला: चूक.
कुठली फाइल, कितवी ओळ, काही नाही.
काळ्या पडद्यावर कर्सर तेवढा लुकलुकत ठेवून गेला.

टॉडमॉर्डनमध्ये तेव्हा पाऊस कोसळत होता,
कॅल्डर नदी पुलाच्या पोटाला टेकायला आलेली,
आणि खोऱ्यातल्या एकवीस पर्जन्यमापकांचा तक्ता
एका फाइलीपायी अडून बसलेला.
वीस जणांनी नीट सांगितलं होतं.
एकविसावा बरळला.

फाइल उघडली.
चारशे सातव्या ओळीपर्यंत सगळं शहाणं:
तारीख, वेळ, मिलिमीटर, मधे स्वल्पविराम.
मग एकदम चौकटी, प्रश्नचिन्हं,
डोक्यावर दोन टिंबं घेतलेली परकी अक्षरं,
आणि कुठल्याशा जूनचा तुकडा
नोव्हेंबरात येऊन पडलेला.

चहा ठेवला. दूध संपलेलं.

आमच्याकडे भातात दाताखाली खडा आला
तर कुणी ताटावरून उठत नाही.
गिळतही नाही.
जिभेनं पुढे आणायचा, बोटांनी काढायचा,
ताटाच्या कडेला ठेवायचा, दिसेल असा,
म्हणजे तांदूळ निवडणाऱ्याला कळतं.

तेवढंच लिहीत बसले.
वाचता येईल ते वाच.
येत नाही ती ओळ वेगळ्या फाइलीत ठेव, जशीच्या तशी,
मूळ फाइलीला हात लावू नकोस.
काय हवं होतं, काय मिळालं, कितव्या ओळीत, ते सांग
आणि पुढे चल.
शेवटी मोजून सांग किती सोडल्यास.
सोडल्या असतील तर जाताना
‘सगळं ठीक’वालं शून्य परत देऊ नकोस.

शून्याशी बोटं थांबली.
मोकळ्या जागी सहा वर्षांपूर्वी
मीच शून्य भरून ठेवलं होतं.
शून्य म्हणजे पाऊस पडला नाही.
माहीत नाही म्हणजे माहीत नाही.
दोघांच्या मधे एक अख्खी नदी मावते.

उजाडल्यावर कीथ ग्रीनवुडला फोन केला.
वय एक्क्याऐंशी, मापक त्याच्या मागच्या अंगणात.
“बुडालं ते,” म्हणाला,
“डबी, तारा, कार्ड, सगळं. कोंबड्या वाचल्या.”

म्हणजे सगळ्यांत जास्त जिथे पडला
तिथलीच ओळ कचरा होऊन आली होती.
मी ती मुकाट्यानं गाळली असती, शून्य घातलं असतं,
तर त्या रात्री अख्ख्या खोऱ्यात
कीथचं अंगण सर्वांत कोरडं ठरलं असतं.

“बादली होती पण. सरळ कडांची. पट्टी लावून बघितलं.
दूधवाल्याच्या बिलामागे लिहिलंय. थांब, चष्मा.”
बराच वेळ फोनमधून नुसता पाऊस ऐकू आला.
“चौऱ्याण्णव. मग बादलीच वाहून गेली.
पुढचं मला विचारू नकोस.”

एक नवा रकाना केला: कोणी सांगितलं.
त्यात लिहिलं: ग्रीनवुड, बादली, पट्टी.
खालच्या ओळीत: माहीत नाही.

पुन्हा चालवला.
वीस मापकं पूर्ण, एक अर्धं,
छत्तीस ओळी कडेला,
त्यांची नावंगावं खाली ओळीनं.
मेला नाही.

दुकान पलीकडच्या काठावर, पूल बंद.
चहा कोराच प्यायले.