नवव्या दिवसाचं पाणी

जालन्यात नळ कधी येईल
हे सांगणारा संदेष्टा अजून जन्मला नाही.
नवव्या दिवशी येतो, कधी अकराव्या.
यंदा आला चोवीस डिसेंबरच्या रात्री,
अडीच वाजता.

तोवर मी उभीच होते.
करंज्यांचं सारण सैल झालेलं,
शेव तळायची राहिलेली,
मेंढपाळ होणाऱ्या पोरांच्या घोंगड्यांना डांबरगोळ्यांचा वास,
देवदूताचा एक पंख मोडला, त्याला फेव्हिकॉल.
सलोमीची गाडी पुण्याहून निघून
नगरच्या अलीकडेच कुठंतरी उभी.
एक वाजता टेम्पोतून तरुण मंडळी आली, ढोलकी घेऊन,
दोन गाणी म्हणाली, अठरा कप चहा प्याली
आणि जाताना म्हणाली, मावशी, शांती असो.
मी कप मोजत होते.
सतराच भरले.

शांती हा शब्द मी दर डिसेंबरात
सोनेरी कागदातून कापते, थर्माकोलवर चिकटवते.
शां-वरचा अनुस्वार दरवर्षी गळून पडतो,
त्या जागी मी शर्टाचं बटण लावते.
शर्ट कुणाचा ते बटणाला माहीत आहे.

"पानी आया, बाजी!" भिंतीवरून शकिलाभाभी ओरडल्या.
गल्ली जागी झाली,
मोटारी घरघरल्या, जिन्यांवरून पाइप घासत गेले,
कुणाचा तरी हंडा गडगडत थेट नालीपर्यंत.
आणि दहाव्या मिनिटाला
लाईट गेली.

मोटारी थांबल्या.
दारावरची चांदणी विझली.
नळ खोकला, गढूळ थुंकला,
मग करंगळीएवढी धार, आपल्याच जोरावर,
हौदात.

मी बादली उपडी घातली आणि बसले.
अंधारात शेव तळता येत नाही.
इस्त्री करता येत नाही.
पाण्याला आटप म्हणता येत नाही.
भिंतीपलीकडे आणखी एक बादली उपडी झाल्याचा आवाज.
आम्ही दोघी बोललो नाही.

पाण्याचं काम आधी शांतवनचं होतं.
कानटोपी घालून, डोळे मिटून बसायचा इथंच.
मी आतून ओरडायची, कामून बसलात नुसते,
खोबरं तरी खिसा!
ऐकतोय, म्हणायचा.
काय ऐकताय?
किती भरलं ते.

त्याच्यानंतरचा हा चौथा नाताळ,
आणि मी आज ऐकलं.
रिकाम्या हौदात पाणी भांडायला आल्यासारखं पडतं,
तळावर आपटतं, भिंतींना विचारतं,
स्वतःचंच उत्तर ऐकून आणखी मोठ्यानं विचारतं.
मग थोडं कमी.
मग नुसतं पुटपुटणं,
म्हातारी माणसं जेवणाआधी प्रार्थना करतात तसं.
उथळ पाण्याच्या खळखळाटाची म्हण
एकतीस वर्षं पोरांकडून घोटवून घेतली मी,
कधी हौदापाशी बसून तपासली नव्हती.

शिवाराकडून शाळूचा ओला वास आला.
कुत्रं एकदा भुंकलं, त्यालाच बरं वाटलं नाही.
कधीतरी माझे खांदे खाली आले.
ते इतके दिवस वर होते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग आवाजच बंद.
वाटलं, गेला नळ.
तळपायाला गार लागलं तेव्हा कळलं
धारेचं तोंड पाण्यात बुडालंय,
काठ भरून पाणी
न बोलता खाली उतरतंय
फरशीवर, बादलीभोवती, माझ्या बोटांमधून.

उठायला हवं होतं.
पिंप रिकामं होतं, दोन कळश्या रिकाम्या होत्या,
पुढचं पाणी नवीन वर्षात.
पण देवा, जालन्यात,
मी एवढा वेळ, म्हणजे वीसेक श्वास,
पाणी वाहू दिलं.

सकाळच्या उपासनेत
पापकबुलीच्या वेळी हे सांगायचं की नाही
बघू.