टाकी लावलेला पाटा

मक्याला चुना लागतो म्हटल्यावर
आई म्हणाली, "कसला? खायचा का भिंतीचा?"
मी टपरीवरून डबी आणली.
पानवाल्यानं एकदा डबीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.
रात्रभर मका निवळीत फुगला.
सकाळी चोळला तर सालं आपसूक सुटली
आणि स्वयंपाकघरात वास
नुकत्या चुना दिलेल्या भिंतीचा.

शनिवारीच कॅम्पातून डुकराचा खांदा आणलेला.
चाकणला मी त्याला पोर्क म्हणते;
वडारवाडीत शिरताना
जीभ चपला बाहेर काढून येते.
आईनं चरबीवर अंगठा दाबला,
"ही काढू नगंस. समदं हिच्यातच हाय."
ब्याडगी भिजवली, लसूण, जिरं, व्हिनेगर,
ओळखीच्या माळ्यानं दिलेल्या मूठभर शेंद्रीच्या बिया.
मनगटापर्यंत लाल झाले,
गॅसची बिलंही त्याच हातानं उचलली.

मग मिक्सर.
पाणी घातलं तर लापशी,
नाही घातलं तर धूर.

पुएब्लाला सात आठवडे होते, कंपनीच्या खर्चानं,
वेल्डचे ठिपके तपासायला.
रविवारी तिथल्या मंडईत एक बाई गुडघ्यांवर बसून
तीन पायांच्या काळ्या दगडावर मका वाटत होती.
सोबतचे सगळे तिच्या हातांचे फोटो काढत होते.
मी दगड बघत होते.
तिरक्या, दाट, सारख्या अंतरावर
टाकीच्या खुणा.
त्या आख्ख्या शहरात
मला वाचता आलेली ती एकच पाटी.

रात्री फोनवर आईला सांगितलं.
ती म्हणाली, "त्यांच्यात टाकी कोन लावतं?"
मी विचारलंच नव्हतं.

आमचा पाटा अकरा वर्षं
गच्चीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला.
आईनं पायानं सरकवला, उलटा केला, सुलटा केला,
तळहात फिरवून म्हणाली, "म्हातारा झालाय. गुळगुळीत."
पलंगाखालची पिशवी मागवली:
छिन्नी, हातोडी, एक चिंधी.
ह्याच हातोडीवर भांडारकर रोडचे जिने चढलेली ती,
पाट्याला टाकीऽऽ,
आणि मी मागं, दप्तरासकट,
वर्गातलं कुणी दार उघडू नये म्हणून
देव बदलत.

"डोळं झाक," ती म्हणाली.
ठक. ठक. ठक.
चिपा उडाल्या. गुडघा दुखतोय म्हणणारी बाई
दीड तास उकिडवी.
वरून खाली, मग आडवं,
जोंधळ्याच्या पेरणीसारखं मन लावून.

पहिला घाणा कबुतरांना. दुसराही.
तिसऱ्याला पीठ एकमेकाला धरून राहिलं.

सिगडी पेटवली. सायकलच्या स्पोकांत मांस ओवलं,
मध्ये मध्ये अननस.
चरबी निखाऱ्यावर पडली की
निखारा काहीतरी बोलायचा.
आई वाऱ्याची बाजू सोडून
मुद्दाम धुरात जाऊन बसली.
"बाप माझा पेंढा पेटवून भाजायचा.
खांदा कायम पाव्हण्याला."

टीममधले तिघं येणार होते.
एकाला ट्रॅफिक, एकीच्या पोराला ताप.
तिसऱ्यानं कारण दिलं नाही,
त्याचं मला बरं वाटलं.

आईनं भाकरीएवढा नाही, पुरीएवढा टाको
दोन्ही हातांत धरला, कांदा-कोथिंबीर भुरभुरली,
लिंबू पिळलं, अंगणात वाट बघावी तशी
गच्चीच्या दाराकडं बघितलं.
दार आता उघडझाप करत होतं, दगड नसल्यानं.
"मंग तूच पाव्हणी," म्हणाली,
आणि माझ्यापुढं धरला.

रस कोपरापर्यंत आला.
अननस एका बाजूनं करपलेला.
आणि दाढेखाली, एवढुशी,
कच.

मी थांबले.
आई चावत होती, हसत नव्हती.
"थुकू नगंस," म्हणाली,
"टेकडीवरच्या खाणीतला हाय त्यो.
तुज्या आज्यानं फोडल्याला."