दगडफूल

जांबोटीच्या आंब्यावर दगडफूल,
पंजाएवढं, कानासारखं दुमडलेलं.
रेणुका तारेची चौकट खोडाला टेकवते:
दहा घरं, दहाही भरलेली.

किणयेला सहा.
पिरनवाडीच्या वळणावर दोन, तीही पिवळट.
उद्यमबागेत, फाउंड्रीच्या भिंतीलगतच्या जांभळीवर
नुसती साल.
बोट लावलं की काळं.

“काय शोधालीस गे?” सातेरी हुंदरे विचारतो.
साच्यात वाळू दाबण्यात बावीस वर्षं गेली त्याची.
ती सांगते, मामा, ह्याला मुळं नसतात,
हवेत जे असेल तेच खातं,
नको ते थुंकता येत नाही.
“आमच्यागत की मग,” म्हणून तो हसतो.
हसणं संपतं,
खोकला संपत नाही.

रात्री आई मसाला भाजते.
दगडफूल तव्यावर चुरचुरतं
आणि घरभर ओल्या रानाचा वास.
“केवढं महागलंय माहितेय?
पूर्वी जळणाच्या मोळीबरोबर फुकट यायचं.”

खात्याचा तक्ता कानडीत, नुसते आकडे भरायचे.
जांभळीसमोर ती शून्य लिहिते.
माणसाला रकाना नाही.
थोडं थांबून, समासात, मराठीत, पेन्सिलीनं:
सातेरी. बावीस वर्षं.