गटारवाले

मिलवॉकीत ऑक्टोबरच्या सकाळी सहाला
आम्ही झाकण उघडतो.
ऑटिस आकडा अडकवतो, मी पडद्यापाशी.
कॅमेरा चाकांवर रांगत जातो
शंभर वर्षं जुन्या विटांमधून.
विटा अजून एकमेकींना धरून आहेत.

ज्यांच्या राज्यात हे काम झालं
त्यांना 'गटार-समाजवादी' म्हणायचे.
शत्रू नव्हे, त्यांच्याच पक्षातले लोक,
दूरच्या शहरांत बसून क्रांतीची तिथी काढणारे :
सत्ता मिळाली आणि हे बघा, नळ जोडतायत!
यांनी ती शिवी उचलली, धुतली
आणि कोटाला बिल्ल्यासारखी लावली.

ऑटिसने हे सँडविच खाताखाता सांगितलं.
मी चावायची थांबले.

आमच्या घरी या शब्दाला उंबरा बंद होता.
आजोबा बार्शीला नगरपालिकेत होते.
एवढंच सांगायचं. नगरपालिकेत.
पुढचा प्रश्न आला की आई चहा टाकायला उठायची.

त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता.
दोरी होती, आणि वर दोरी धरलेला भाऊ.
आधी कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.
साहेब उभे असतील तर नाही थांबायचं.
महिन्याला साबणाची एक वडी, सही करून.

एकदा टाऊन हॉलमागचं तुंबलं होतं.
आत समाजवादावर व्याख्यान.
आजोबा कमरेइतक्या घाणीत, आणि जाळीतून
'श्रमिक' हा शब्द त्यांच्या डोक्यावर पडला.
मग टाळ्या.
ते म्हणायचे, आवाज चांगला होता त्या माणसाचा.

ऑटिस विचारतो, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
गटार.
तो दोनदा म्हणून बघतो, हसतो :
हा तर आमचाच शब्द की!
असेल. शब्द तुमच्याकडून घेतला.
उतरवायला माणसं मात्र
आम्ही आमची पद्धत वापरून निवडली.

अडतिसाव्या रस्त्यावर हेडविग श्रोएडर
वॉकर ढकलत बाहेर येते. वय एक्क्याण्णव.
माझ्या आजोबांच्या विटा बऱ्या आहेत ना?
मी पडदा तिच्याकडे वळवते.
ती काचेवर बोट टेकवते,
ताप बघावा तसं.
तिच्या हिरवळीवर पाटी आहे : सरकार, हात आवर.
हिरवळीला घातलेलं खत
याच शहराच्या मैल्यातून झालेलं,
महापालिकेने पोत्यात भरून विकलेलं.
मी दोन्हींबद्दल काही बोलत नाही.

ती आत गेल्यावर ऑटिस म्हणतो,
विटा सगळ्यांच्या होत्या. घरं नव्हती.
माझ्या आईला या रस्त्यावर कुणी घर विकलं नसतं.
तिच्या मोरीचं पाणी तेवढं
यांच्या पाण्यात मिसळायचं, खाली, अंधारात.
तो येत्या मार्चला निवृत्त होतोय.
पेन्शन आहे, दातांचा विमासुद्धा आहे.
हातमोजे तो मोजून घेतो, सवय म्हणून.

काल आईचा फोन.
शेजारचे विचारत होते, मुलगी कुठल्या खात्यात?
मग?
वॉटर डिपार्टमेंट म्हटलं.
आई.
अगं, पाणीच ना ते?
मी हो म्हटलं.
पाणीच. नंतरचं.

दोनशे बारा फुटांवर मी कॅमेरा थांबवते.
तडा? ऑटिस विचारतो.
नाही. दोन विटांमधल्या चुन्यात
कुणाचा तरी अंगठा उमटलाय,
रेषांसकट.
फॉर्मवर तड्याला कोड आहे, मुळांना आहे,
गाळाला तर चार आहेत.
अंगठ्याला नाही.

मी 'इतर' या रकान्यावर येते.
बोटं गारठली आहेत. मागे गाड्या खोळंबल्यात,
कुणीतरी हॉर्न वाजवतंय.